आकाशाचा अभ्यास आणि अभ्यासकाची जागा

पृथ्वीवाचून अन्यत्र कोठे जीव आहे काय, असल्यास तो कसा असेल, आणि मुळात निर्जीवातून सजीव कसा उपजला, या प्रश्नांचा मागोवा घेणाऱ्या शास्त्राला खगोलजीवशास्त्र असे नाव आहे. या शास्त्राची गंमत अशी की, ज्याचा शोध घ्यावयाचा तो पृथ्वीबाहेरचा जीव आजपर्यंत कोणाच्याच हाती लागलेला नाही. वस्तू हाती नसताना तिचे शास्त्र उभारणे म्हणजे बाजारात माल येण्यापूर्वीच तराजू मांडून बसण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. परंतु तराजू मांडलेला नसेल तर माल आल्यावर तो तोलणार कोण? आम्ही येथे बोलणार आहोत ते तराजू धरणाऱ्या माणसाविषयी. त्याला बसावयास जागा कोणी दिली, ती किती दिवस टिकली आणि ती काढून घेतल्यावर काय झाले, याचा पुणे प्रांतातला इतिहास सांगावा, एवढाच या निबंधाचा हेतू आहे.

हा विषय कामगार चळवळीतल्या माणसाने का घ्यावा, अशी शंका येणे साहजिक आहे. आमचे शाळेतील शिक्षण थोडके. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्रीच्या वेळी, हाताला लागेल ते पुस्तक वाचून. आमचा नित्याचा व्यवसाय म्हणजे कायम कामगार कोण, कंत्राटी कोण, हंगामी कोण, याचा हिशेब ठेवणे. वेळ नदीच्या काठचा आपला शेतकरी आता सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव येथील कारखान्यांत पाळी करतो. आणि त्याच्या घरातील मुले-मुली पुण्यास जाऊन एम.एस्सी. होऊ लागली आहेत. त्यांतील कोणी सूक्ष्मजीवांचा, कोणी पदार्थविज्ञानाचा अभ्यास करतो. कोणाला मंगळावरच्या जीवाचे वेड लागते. मग बाप आम्हांला येऊन विचारतो, "दादा, पोरगी म्हणते पीएच.डी. करीन, आणि त्यानंतर आणखी दोन-तीन वर्षे कुठेतरी संशोधन करीन. एवढे शिकून झाल्यावरही ती कायम होणार नाही, म्हणजे ही नोकरी तरी कसली?"

प्रश्न बिनतोड आहे. पीएच.डी. नंतर आणि कायम प्राध्यापकी मिळण्यापूर्वी जो टप्पा येतो त्याला पोस्ट-डॉक म्हणतात. ही दोन-तीन वर्षांची मुदतबंद नेमणूक असते. ती संपली की दुसरीकडे दुसरी शोधावयाची. गिरणगावातील जुन्या माणसांना हा प्रकार नवा वाटणार नाही. त्यांच्याकडे याला बदली म्हणत. बदलीवाल्याने रोज गिरणीच्या दारात उभे राहावयाचे आणि कोणी गैरहजर असेल तर त्याच्या मागावर उभे राहावयाचे. त्यांची रीतसर नोंद ठेवण्याची पद्धत मुंबईच्या गिरणीमालकांनी १९३५ साली सुरू केली, तरी वर्षानुवर्षे बदलीवरच राहिलेली माणसे त्यानंतरही होतीच. शास्त्रज्ञाची तुलना बदलीवाल्याशी केल्याबद्दल काही विद्वान आमच्यावर रागावतील. त्यांनी आधी पुढील हकीकत ऐकावी.

आपल्या प्रांतात आकाशाचा आधुनिक अभ्यास सुरू झाला तो एका पारशी गृहस्थाच्या उद्योगामुळे. कावसजी दादाभाई नायगमवाला हे त्यांचे नाव. जन्म १८५७ चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवीत. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपयांची देणगी दिली आणि मुंबई सरकारने तितकीच भर घातली. मूळ बेत वर्णपट पाहण्याची एक लहान प्रयोगशाळा काढण्याचा होता. नायगमवाला १८८४ साली इंग्लंडला गेले, तेथील जाणत्या ज्योतिर्विदांचा सल्ला त्यांनी घेतला आणि बेत वाढत जाऊन पुण्यास वेधशाळाच उभारावी असे ठरले. १८८५ साली ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे पुढे ज्याला आपण इंजिनिअरिंग कॉलेज म्हणू लागलो तेथे, बदलून आले. १८८८ साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा तयार झाली. तिच्यातली वीस इंची आरशाची दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातून आलेली होती, आणि त्या वेळी हिंदुस्थानात तिच्याहून मोठी दुर्बीण नव्हती.

या वेधशाळेतले काम नुसते तारे मोजण्याचे नव्हते. सूर्याचा किंवा ताऱ्याचा प्रकाश लोलकातून नेला की त्याचा रंगीत पट्टा पसरतो आणि त्या पट्ट्यात बारीक रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. हजेरीपटावर अंगठा उठवलेला असला म्हणजे माणूस समोर नसतानाही कोण येऊन गेले ते कळते, तसेच हे आहे. नायगमवालांनी मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटाचा अभ्यास केला. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले, तेव्हा पुणे-सोलापूर लोहमार्गावरील जेऊर येथे त्यांनी आपली यंत्रे मांडली. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्बेलही त्याच जेऊरला आले होते. ते दिवस प्लेगचे होते हे ध्यानात घेतले म्हणजे या उद्योगाची किंमत कळते. आज दूरच्या ग्रहांवर जीवास पोषक हवा आहे किंवा कसे हे ज्या रीतीने तपासतात ती रीत हीच आहे. १९९५ साली सूर्यासारख्या परक्या ताऱ्याभोवती पहिला ग्रह सापडला. आता अशा काही ग्रहांच्या वातावरणातून गाळून आलेल्या प्रकाशात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन यांचे अंगठे शोधतात. म्हणजे खगोलजीवशास्त्राचे मुख्य हत्यार पुण्यात १८८८ सालीच येऊन पडले होते.

मग पुढे काय झाले? १९१२ साली नायगमवाला सेवानिवृत्त झाले आणि वेधशाळा बंद करण्यात आली. यंत्रे कोडाईकनालला गेली. तेथे १८९९ पासून सरकारची सौर वेधशाळा चालू होतीच. तेव्हा सरकारी हिशेबाने पाहिले तर दोन ठिकाणी खर्च कशाला, हा विचार अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु आम्ही संघटनेच्या माणसाच्या नजरेने पाहतो तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरते. चोवीस वर्षे चाललेली ही संस्था म्हणजे एका माणसाची जागा होती. त्याच्या हाताखाली दुसरा तयार होईल, त्याला पगार मिळेल, गुरू निवृत्त झाल्यावर तो त्या खुर्चीवर बसेल, अशी योजनाच तीत नव्हती. दुर्बिणीला देणगी मिळाली, इमारतीला मिळाली; उमेदवाराला मिळाली नाही. कारखान्यात जुना फिटर निवृत्त होण्यापूर्वी दोन वर्षे त्याच्यापाशी एक पोरगा शिकाऊ म्हणून ठेवतात. एवढी अक्कल कोणत्याही मुकादमाला असते. ती एका साम्राज्याच्या शिक्षणखात्याला का नसावी? कदाचित असेलही, पण एतद्देशीयाच्या वेधशाळेसाठी ती खर्चावी असे त्याला वाटले नसेल.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो आमच्या मित्रांनीच घेतलेला आहे. ते म्हणतात, खरा अभ्यासक जागेची वाट पाहत नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षितांकडे पाहा. शिक्षकी करीत त्यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिला आणि तो १८९६ साली प्रसिद्ध झाला. व्यंकटेश बापूजी केतकरांकडे पाहा. तेही शाळाखात्यातले शिक्षक. नेपच्यूनच्या पलीकडे ग्रह असावा असे गणित त्यांनी मांडले आणि ते १९११ साली फ्रान्समधील ज्योतिषपरिषदेच्या पत्रिकेत छापून आले. प्लूटो सापडला तो त्यानंतर, १९३० साली. या दोघांना कोणती फेलोशिप होती?

आक्षेप वजनदार आहे आणि त्या दोघांविषयी आमच्या मनात अपार आदर आहे. परंतु नीट पाहिले तर त्यांनाही जागा होतीच: शिक्षकाची, कायम पगाराची. त्या पगारावर घर चालत होते म्हणूनच रात्री गणित होत होते. दुसरे असे की, पंचांगाच्या गणिताला पाटी, कागद आणि जुने ग्रंथ पुरतात. वर्णपटाला दुर्बीण लागते. सूक्ष्मजीव वाढवावयास निर्जंतुक खोली, शीतकपाट, रसायने आणि चोवीस तास वीज लागते. ती सामग्री कोणी आपल्या ओसरीवर मांडू शकत नाही. दीक्षित-केतकरांचा दाखला देऊन आजच्या मुलीला "तूही तसेच कर" म्हणणे म्हणजे हातमागवाल्याचे उदाहरण देऊन गिरणीतल्या विणकराला माग घरी नेण्यास सांगणे आहे.

१९१२ नंतर पुण्यात या विद्येची धग राहिली ती हौशी मंडळींमुळे. १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली. तिच्या सभासदांनी पदरमोड करून लोकांना आकाश दाखवले. त्यांचे ऋण मान्य करावे तितके थोडेच. पण संशोधनाची पगारी जागा ती वेगळी.

दरम्यान जगात दुसऱ्याच बाजूने या शास्त्राचा पाया घातला जात होता. निर्जीव रसायनांतून जीव कसा निर्माण झाला असावा याचा विचार रशियात ओपारिन यांनी १९२४ साली आणि इंग्लंडात हाल्डेन यांनी १९२९ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, प्रसिद्ध केला. हाल्डेनसाहेबांचे नाव आमच्या कचेरीत आम्ही प्रथम वाचले ते वेगळ्या कारणाने. हा मोठा शास्त्रज्ञ लंडनच्या 'डेली वर्कर' या कामगारांच्या दैनिकात साध्या भाषेत विज्ञानाचे लेख लिहीत असे. १९५७ साली ते भारतात आले, कलकत्त्याच्या संख्याशास्त्र संस्थेत राहिले, १९६१ मध्ये तेथून बाहेर पडले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. भारताचे नागरिकत्व त्यांनी घेतले होते. जीवाच्या उत्पत्तीचा एक आद्य विचारवंत सात वर्षे आपल्या देशात वावरला, तरी त्याच्याभोवती या विषयाचे स्वतंत्र पीठ उभे राहिले नाही, ही गोष्ट नोंदवून ठेवावी.

याउलट शेजारच्या सिंहलद्वीपातल्या एका तरुणाची कथा आहे. सिरिल पोन्नमपेरुमा हे मद्रासला शिकले, लंडनला शिकले आणि १९६२ साली कॅलिफोर्नियात बर्कले येथे पीएच.डी. झाले. त्याच वर्षी त्यांना अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीची मुदतबंद फेलोशिप मिळाली आणि ते नासाच्या एम्स संशोधन केंद्रात दाखल झाले. ही आजच्या भाषेतील पोस्ट-डॉकच. परंतु पुढच्याच वर्षी त्या केंद्रात जीवोत्पत्तीच्या रसायनाचा विभाग त्यांच्या स्वाधीन झाला. १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे उल्का पडली. तिच्यात पृथ्वीबाहेर तयार झालेली अमिनो आम्ले आहेत हे दाखवणाऱ्या मंडळींत ते होते. हंगामी जागा ही वाईटच, असे आम्ही म्हणत नाही. तरुण माणसाला दोन वर्षे शिकवण्याच्या ओझ्याविना, मोठ्या गुरूजवळ, उत्तम यंत्रांवर काम करावयास मिळाले तर त्यासारखे भाग्य नाही. जिन्याला पायऱ्या हव्यातच. वर माडी आहे की नाही एवढे मात्र चढणाऱ्याला आधी कळले पाहिजे.

आता पुण्याकडे पुन्हा वळू. ज्या १९३८ साली नायगमवाला वारले त्याच साली कोल्हापुरास जयंत विष्णु नारळीकर जन्मले. हा योगायोग, त्यात अर्थ शोधणे ज्योतिषाचे काम, ज्योतिर्विदाचे नव्हे. केंब्रिजला फ्रेड हॉईल यांच्या हाताखाली त्यांनी १९६३ साली पीएच.डी. मिळवली, तेथेच किंग्ज कॉलेजचे फेलो म्हणून राहिले, आणि १९७२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. १९८८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही आंतरविद्यापीठीय संस्था काढली, तिचे ते पहिले संचालक झाले आणि २००३ पर्यंत त्या पदावर राहिले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या विज्ञानकथा आपल्या वाचनालयांत हातोहात फिरतात. परंतु आमच्या मते त्यांचे मोठे काम जागा निर्माण करण्याचे आहे.

कारण १८८८ च्या वेधशाळेत जे नव्हते ते १९८८ च्या संस्थेत होते. येथे पीएच.डी.चे विद्यार्थी, पीएच.डी. नंतरचे संशोधक आणि कायम प्राध्यापक अशी उतरंड आहे. शिवाय एक सोय अशी आहे की जिच्याबद्दल गावोगावच्या शिक्षकांना अजून पुरते ठाऊक नाही. देशातील विद्यापीठांत व महाविद्यालयांत शिकवणारा शिक्षक आयुकाचा सहयोगी होऊ शकतो. मुदतीत मधून मधून तेथे येऊन राहावयाचे, ग्रंथालय व यंत्रे वापरावयाची, सहकाऱ्यांबरोबर काम करावयाचे आणि परत आपल्या वर्गावर जावयाचे. दीक्षित-केतकरांना अशी सोय मिळती तर त्यांनी काय केले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

नारळीकरांचे गुरू हॉईल आणि त्यांचे सिंहली शिष्य चंद्र विक्रमसिंघे यांचे मत असे की, जीव पृथ्वीवर उपजला नाही. त्याची बीजे अंतराळातून आली आणि अजूनही येत आहेत. बहुसंख्य शास्त्रज्ञांना हे मत मान्य नाही. परंतु नारळीकर म्हणाले, वाद कशाला? वर जाऊन पाहू. हैदराबादेत टाटा संस्थेचे फुगे सोडण्याचे केंद्र आहे. तेथून २१ जानेवारी २००१ रोजी एक आणि २० एप्रिल २००५ रोजी दुसरा फुगा सोडण्यात आला. या दुसऱ्या खेपेची हकीकत कारखान्यातल्या माणसाने मन लावून ऐकण्यासारखी आहे. फुग्याखाली पोलादाच्या सोळा नळ्या टांगलेल्या होत्या. त्या आतून हवा काढून पूर्ण निर्जंतुक केलेल्या होत्या, आणि ३८ किलो द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या होत्या. निऑनचा गारवा इतका भयंकर की, नळीचे तोंड उघडताच भोवतालची विरळ हवा आपोआप आत ओढली जाऊन थिजते. सगळे मिळून वजन ४५९ किलो. २० पासून ४१ किलोमीटर उंचीपर्यंत वेगवेगळ्या टप्प्यांवर हवा भरून घेतली आणि नळ्या हवाई छत्रीने खाली उतरवल्या. ज्याने झडपेची गळती थांबवण्यासाठी कधी पाना फिरवला आहे त्याला यातली कारागिरी सांगावी लागणार नाही. एक झडप जरी जमिनीवर असताना गळली असती तरी हैदराबादेची धूळ अंतराळातली म्हणून मोजली गेली असती.

नमुन्यांचे दोन वाटे केले. एक हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राकडे आणि दुसरा पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडे गेला, म्हणजे एकाची तपासणी दुसऱ्याने पडताळावी. जीवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती उगवल्या. त्यांतल्या बऱ्याच पृथ्वीवरच्या ओळखीच्या जातींशी जुळल्या. परंतु तीन जीवाणू कोणत्याही ज्ञात जातीत बसेनात. २००९ च्या मार्चमध्ये भारतीय अंतराळ संशोधन संघटनेने, म्हणजे इस्रोने, ही बातमी जाहीर केली. एका जातीला हॉईल यांच्यावरून जॅनिबॅक्टर हॉयली, दुसरीला इस्रोवरून बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि तिसरीला आर्यभटावरून बॅसिलस आर्यभट्टाय अशी नावे दिली. जंबुपार किरणांचा मारा हे जीवाणू आपल्या जवळच्या भाऊबंदांपेक्षा अधिक सोसतात, असेही आढळले. ते अंतराळातून आले असे सिद्ध झाले नाही, आणि तसा दावा इस्रोने केलाही नाही. पुढे बॅसिलस आर्यभट्टाय ही जात निरनिराळ्या देशांतील मातीत, पिकांच्या मुळांजवळ आढळली. म्हणजे जो पाहुणा म्हणून आला तो बांधावरचाच निघाला, असेही म्हणता येईल. यात कोणाची फजिती झाली असे आम्हांस वाटत नाही. प्रश्न स्वच्छ विचारला, प्रयोग काळजीने केला, उत्तर अर्धवट आले ते अर्धवटच सांगितले.

परंतु या प्रयोगाची दुसरी बाजू आमच्या मनातून जात नाही. असे नमुने कोणीतरी रात्रंदिवस तपासावे लागतात: बशीत पोषकद्रव्य ओतणे, ऊब राखणे, वसाहती मोजणे, जनुकांची क्रमवारी लावणे. अशी कामे जगातील सर्व प्रयोगशाळांत मुख्यतः विद्यार्थी आणि मुदतबंद संशोधक करतात. पहिला फुगा आणि दुसरा फुगा यांत चार वर्षांचे अंतर होते. दुसरा फुगा आणि जाहीर निकाल यांत आणखी चार. दोन-तीन वर्षांच्या नेमणुकीचा माणूस अशा कामाची सुरुवात पाहील तर शेवट पाहणार नाही. कामाची लांबी एक आणि नेमणुकीची लांबी दुसरी, हा दोष कोणा एका संस्थेचा नाही. तो पैसे देण्याच्या पद्धतीतला आहे.

आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात खोडद येथे, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या. त्यांतल्या चौदा मध्यभागी आणि उरलेल्या तीन फाट्यांवर शेताशिवारांतून पसरलेल्या. थाळीचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा नसून बारीक पोलादी तारेच्या जाळीचा आहे. तो दोरांच्या आधाराने ताणून बसवला आहे, त्यामुळे वजन आणि खर्च दोन्ही वाचले. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे शियापारेली नावाचे यान मंगळावर उतरू लागले, तेव्हा त्याचा क्षीण संदेश खोडदच्या थाळ्यांनी पकडला. यान कोसळले, परंतु ते उतरत असतानाचा आवाज कांद्याच्या वावरांत बसून ऐकला गेला. दर वर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञानदिनानिमित्त तेथे प्रदर्शन असते. आपल्या शाळांनी देवदर्शनाच्या सहलीत अष्टविनायकांपैकी ओझर आणि लेण्याद्री करावेतच. वाटेत खोडदही करावे.

आता थोडे कायद्याचे आणि पगाराचे. संशोधक हा कामगार की विद्यार्थी? हा प्रश्न विचारला की मोठी मौज होते. वेळेवर ये, रविवारीही ये, म्हणताना तो नोकर असतो. पगारवाढ मागताच तो विद्यार्थी होतो. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात शिक्षणसंस्थासुद्धा उद्योगाच्या व्याख्येत बसवल्या. परंतु १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे शिक्षक हा कामगार नव्हे. म्हणजे कारखाना आहे, पण त्यात काम करणारा कामगार नाही! शिपायाला दाद मागता येत होती, गुरुजींना येत नव्हती.

तथापि संशोधकांनी आपली संघशक्ती ओळखली आहे. २०१८ च्या अखेरीस आणि २०१९ च्या आरंभी देशभरच्या संशोधक विद्यार्थ्यांनी शिष्यवृत्ती वाढवावी म्हणून आंदोलन केले, आणि २०१९ मध्ये वाढ झाली. पुढची वाढ १ जानेवारी २०२३ पासूनची. त्या दरांप्रमाणे पीएच.डी. करणाऱ्यास आरंभी दरमहा ३७,००० रुपये आणि पीएच.डी. झालेल्या संशोधन-सहयोग्यास ५८,००० पासून ६७,००० रुपये, अधिक घरभाडे, असे ठरले. रक्कम लहान नाही; आमच्या कंत्राटी पोराला एवढे मिळत नाही हे आम्ही लपवणार नाही. मात्र ती हाती पडण्यास महिनोन्‌महिने विलंब होतो, ही तक्रार संशोधकांच्या तोंडून आम्ही वारंवार ऐकली आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पोस्ट-डॉक संशोधकांनी मोटार कामगारांच्या युनियनशी जोडून घेऊन आपली संघटना बांधली आणि २०१० साली पहिला करार मिळवला. २०२२ च्या नोव्हेंबरात त्याच विद्यापीठातील सुमारे ४८,००० शैक्षणिक कामगार संपावर गेले, त्यांत हे संशोधकही होते. ज्या विद्यापीठातून पोन्नमपेरुमा पीएच.डी. झाले तेच हे विद्यापीठ. मोटारीला चाक बसवणारा आणि उल्केतील आम्ल शोधणारा एकाच युनियनची पावती फाडतात, हे वाचून आम्हांला त्या दिवशी जेवण गोड लागले.

शिकवण्याच्या जागांची स्थिती मात्र आपल्या राज्यात खेदकारक आहे. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासापुरते पैसे देऊन, पीएच.डी. झालेली माणसे राबवली जातात. सुटी लागली की तास बंद, तास बंद की पैसे बंद. अशा एका तरुणाला आम्ही जवळून ओळखतो. त्याने मे महिन्यात कारखान्याच्या गोदामात माल मोजण्याचे काम धरले होते. नवे शास्त्र शिकवण्यास मन निवांत असावे लागते. तासावर जगणारा माणूस नेमलेले पुस्तक पुरे करतो, आणि त्याला त्याबद्दल दोष देता येत नाही.

तरीही ज्यांना या वाटेने जावयाचे आहे त्यांना आम्ही अडवणार नाही. कामाला महाराष्ट्रात तोटा नाही. बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. काळ्या पाषाणात उल्केच्या आघाताने झालेले विवर, पावणेदोन किलोमीटरहून अधिक रुंद, पाणी अतिक्षारयुक्त. मंगळाचा पृष्ठभागही बहुतांशी अशाच काळ्या पाषाणाचा असल्यामुळे तिकडचे अभ्यासक लोणारकडे डोळे लावून असतात. २०२० च्या जूनमध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून हा क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा प्रताप आहे असे सांगितले. कोयनेच्या भूकंपाचा अभ्यास करण्यासाठी कराडजवळच्या केंद्राने तीन किलोमीटर खोल भोक पाडले. त्या खोल, उष्ण, अंधाऱ्या खडकातही सूक्ष्मजीवांचा शोध चालू झाला. पनवेलजवळच्या एमिटी विद्यापीठात खगोलजीवशास्त्राचे केंद्र आहे. ३० डिसेंबर २०२४ रोजी सुटलेल्या पीएसएलव्ही अग्निबाणावरून त्यांच्या पालकाच्या पेशी अंतराळात जाऊन आपले प्रयोग करीत होत्या.

म्हणून त्या बापाला आम्ही सांगितले ते असे. मुलीला सूक्ष्मजीवशास्त्र, रसायन किंवा पदार्थविज्ञान यांपैकी एक विद्या पक्की करू द्या. खगोलजीवशास्त्र तिच्यावर कलम म्हणून चढेल. निव्वळ त्याच नावाच्या जागा फार थोड्या, पण औषधांच्या कारखान्यापासून पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेपर्यंत मूळ विद्येला मागणी आहे. पोस्ट-डॉकची जाहिरात आली की नुसता आकडा वाचू नये. मुदत किती, ती वाढते का, पैसे कोणत्या योजनेतून येतात आणि ती योजना कधी संपते, बाळंतपणाची रजा मुदतीत धरतात की मुदतीबाहेर, शोधनिबंधावर नाव कोठे येणार, आणि त्या प्रयोगशाळेतून आधी गेलेली माणसे आज कोठे आहेत, हे सर्व पत्राने विचारावे. उत्तर लेखी घ्यावे आणि जपून ठेवावे. त्याने हे सगळे आमच्यासमोर वहीत उतरवून घेतले, आणि शेवटी विचारले, "दादा, पत्र इंग्रजीत लिहावे लागेल ना?" लागेल, असे आम्ही म्हणालो, मुलगी लिहील.